काकांची पाच ते सहाची ड्यूटी

निजामपुऱ्यातल्या त्या घरात मी राहायला गेले त्या दिवशी घरमालकांनी किल्लीच्या आधी माझ्या हातात एक कागद ठेवला. संध्याकाळी पाच ते सहा या वेळात पाण्याची मोटर, मिक्सर, गिझर, इस्त्री आणि इंटरनेट यांपैकी काहीही परमिटशिवाय वापरायचं नाही, असं त्यावर टाइप केलेलं होतं. मला वाटलं, काका त्या वेळात ध्यानाला वगैरे बसत असतील. मी सही केली. पाच वाजता चहाला खाली या म्हणाले होते म्हणून गेले, तर अडुसष्ट वर्षांचे काका पूर्ण बाह्यांचा शर्ट, कडक इस्त्रीची पँट आणि पायात जाडजूड सेफ्टी शूज घालून टीव्हीसमोर लाकडी खुर्चीत ताठ बसलेले. कानांवर हेडफोन, हातात गेमचा कंट्रोलर. टीव्हीवर एक निळी गाडी बर्फातून भरधाव निघालेली. "लेफ्ट टर्न अहेड. शार्प. कन्फर्म," असं ते गंभीरपणे कोणाला तरी सांगत होते. काकूंनी माझ्या हातात कप दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सहापर्यंत बोलू नकोस हं. ड्यूटी चालू आहे."

मी सांगलीची. बडोद्यात एका औषधांच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला होते, त्यामुळे चारपर्यंत घरी असायचे, आणि काकांची ड्यूटी माझ्या वाट्याला रोज यायची. सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. आईशी व्हिडिओवर बोलायची माझी वेळ नेमकी सव्वापाचची. एकदा मी खोलीचं दार लावून, आवाज बारीक करून तिला फोन लावला. सहा वाजून दोन मिनिटांनी काका जिन्यात उभे. "सतरा सोळाला वरून लोड आला होता," ते म्हणाले. रागावले नव्हते. कारखान्यात एखादं मीटर हललं की माणूस ज्या सुरात सांगतो, तसं नुसतं कळवत होते. मला उगाच चोरी पकडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून आईला साडेसहाला फोन करू लागले.

काकांनी छत्तीस वर्षं बाजव्याजवळच्या रिफायनरीत कंट्रोल रूममध्ये काढली होती. म्हणजे रिफायनरी त्यांना सोडून गेली होती, त्यांनी तिला सोडलं नव्हतं. घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी नंबर दिलेला. पाण्याची मोटर पी-वन, मिक्सर एम-वन, इस्त्री एच-टू. पाचला पाच कमी असताना ते मोटरच्या बटणावर लाल पत्र्याचा बिल्ला लटकवायचे. तो बिल्ला लटकत असताना बटणाला हात लावणं हा काकांच्या लेखी एकमेव अक्षम्य गुन्हा होता. "त्या बिल्ल्याच्या पाठीमागे माणूस काम करत असतो," ते सांगायचे. "तू बटण दाबलंस आणि तो तिकडे पाइपात असला, तर?" काकू म्हणायच्या, "इथे पाइपात कोण आहे? तुम्ही सोफ्याजवळ बसलाय." काका म्हणायचे, "सवय बराबर पाहिजे ने."

हा गेमचा डबा त्यांच्याकडे आला तो औषध म्हणून. निवृत्तीनंतर त्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडू लागली होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. काकांनी चेंडू आठवडाभर दाबला आणि मग विचारलं, "याचं आउटपुट काय?" बडोद्यातच हरणीला राहणाऱ्या जावयाने नवीन कन्सोल घेतला होता, त्याने जुना आणून जोडून दिला. म्हणाला, बाबा, यावर बोटं हलतील. बोटं हलली. त्याबरोबर काकांची सगळी रिफायनरी परत चालू झाली.

खेळ जोडीने खेळायचा होता. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने नकाशा बघून पुढची वळणं सांगायची. काकांनी गाडी कधीच चालवली नाही. त्यांना नकाशाच हवा असायचा. ज्यांच्याबरोबर जोडी जमायची ती माणसं जगात कुठेही बसलेली असायची, आणि त्यांच्याबद्दल काकांच्या तक्रारी ऐकण्यासारख्या होत्या. कोणी मध्येच गाडी सोडून निघून जायचा. कोणी मुद्दाम उलटी गाडी चालवायचा. एकाने तर काकांना माइकवरून अशा शिव्या दिल्या की काकूंनी टीव्हीवर टॉवेल टाकला. काकांनी त्या शिव्या लॉगबुकात लिहून ठेवल्या, वेळेसकट.

हो, लॉगबुक. लाल कापडी पुठ्ठ्याची वही, प्रत्येक पानाला पाच रकाने. इंटरनेटची लाइन किती वाजता गेली, किती वाजता आली, कारण, केलेली कारवाई, सही. सगळ्यात जास्त मजकूर कारणाच्या रकान्यात असायचा, कारण ते कोणी कबूल करत नसे. लाइनवाला भावेश स्कूटरवरून यायचा, मोबाइलवर काहीतरी तपासायचा आणि म्हणायचा, "काका, लाइन तो ओके छे. सर्वरनो लोचो छे." खेळ चालवणाऱ्या कंपनीला लिहिलं की उत्तर यायचं, आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे, कृपया आपली लाइन तपासून घ्या. काका ही दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहायचे आणि त्यांच्याकडे बघत बसायचे. एकदा मला म्हणाले, "दोन्ही टोकं ओके. मग मधे जे बंद पडलं ते कोणाचं?"

महिनाभराच्या नोंदींवरून त्यांनी एक शोध मात्र लावला. मंगळवारी आणि शुक्रवारी लाइन बरोबर पाच वीसच्या सुमाराला जायची. काका तीन मंगळवार गल्लीत फिरून आले. समोरच्या घरातल्या हंसाबेन त्या वेळी घरघंटी लावून गव्हाचं पीठ दळायच्या. घरघंटी सुरू झाली की विजेचा दाब क्षणभर उतरायचा आणि काकांचं इंटरनेटचं यंत्र बंद होऊन परत सुरू व्हायचं. काका परमिटचा कोरा कागद घेऊन समोर गेले. हंसाबेननी तो कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, काकांना सेव-खमणी खायला दिली आणि म्हणाल्या, "एमां शुं, हुं चार वागे दळीश." दळण चार वाजता ठरलं आणि काका अर्ध्या तासाने विजयी मुद्रेने परत आले. वहीत लिहिलं, 'कारण दूर केले.' पुढच्या मंगळवारी लाइन परत गेली. या वेळी घरघंटी निर्दोष होती.

आणखी एक दुःख अपडेटचं होतं. काका पाचला बूट घालून बसायचे आणि टीव्ही सांगायचा, नवीन अपडेट आलं आहे, अजून तीन तास लागतील. काका पडद्यावरच्या त्या सरकणाऱ्या पट्टीकडे बघत म्हणायचे, "आमचा शटडाउन असला की तीन महिने आधी नोटीस. कँटीनवाल्यालासुद्धा माहीत. यांना एक दिवस आधी सांगता येत नाही?" मी एकदा म्हटलं, "काका, मग आजच्या दिवस बूट काढा ना." ते म्हणाले, "शटडाउनमध्येच जास्त लागतात."

अशा या बेभरवशाच्या जगात त्यांना बावीस भेटला. त्याचं पडद्यावरचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांचा गुंता होता, शेवटी बावीसचा आकडा. काकांनी त्याचा टॅग नंबर करून टाकला. बावीस रोज पाचला हजर असायचा. काका म्हणाले डावीकडे की गाडी डावीकडे, काका म्हणाले हळू की गाडी हळू. शर्यत अर्धी टाकून तो कधी गेला नाही. आणि तो एक शब्द बोलत नसे. काकांना याचं फार कौतुक. "काय डिसिप्लिन आहे," ते म्हणायचे. "फालतू एक शब्द नाही. नॉर्वेचा असणार." नॉर्वेच का, हे मी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात ते पक्कं होतं, म्हणून ते त्याच्याशी कायम इंग्रजीतच बोलायचे, आणि बोलायचे म्हणजे तासभर अखंड. वळणं, चढ, उतार, बर्फाची स्थिती, मध्येच बडोद्याचं तापमान.

आठ महिने ही जोडी चालली. पहिली क्वचितच आली, पण लाइन गेली नसेल तर प्रत्येक शर्यत पूर्ण झाली. काका ते मला अभिमानाने सांगायचे. नंबराचं त्यांना काही नव्हतं. प्लांट चालू राहिला पाहिजे.

मग काकांना त्यांच्या सभ्यपणाने खड्ड्यात घातलं. लाइन गेली की शर्यत अर्धवट सुटायची आणि त्या शर्यतीतल्या बाकीच्या पंधरा जणांचाही घोळ व्हायचा. रिफायनरीत प्लांट बंद पडला की शेजारच्या सगळ्या विभागांना लेखी कळवायची पद्धत होती. तेव्हा काका लाइन परत आली की त्या पंधराही जणांना एकेक निरोप पाठवायचे. महोदय, आज सतरा बावीस वाजता माझ्या बाजूची लाइन बंद पडल्याने मला आपली शर्यत सोडावी लागली, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. मजकूर प्रत्येकाला तोच, फक्त वेळ वेगळी. एका पावसाळी आठवड्यात लाइन दिवसातून चार-चार वेळा गेली. शनिवारी काका पाचला बसले तर टीव्हीवर पाटी आली की इतर सदस्यांना वारंवार एकसारखे संदेश पाठवून त्रास दिल्याबद्दल आपलं खातं बंद करण्यात आलं आहे.

शिव्या देणारा तो गडी अजून खेळत होता. काकांनी आधी तेच तपासलं.

"छत्तीस वर्षांत मला एक मेमो नाही," ते म्हणाले. त्यांनी रीतसर अपील केलं. लॉगबुकाच्या सगळ्या पानांचे फोटो मीच काढून दिले, रात्रीच्या जेवणाआधी सगळं पाठवलं. चार मिनिटांत उत्तर आलं, आम्ही आपल्या प्रकरणाचा काळजीपूर्वक पुनर्विचार केला असून निर्णय कायम आहे. काकांनी घड्याळ पाहिलं, उत्तर पाहिलं. "वाचलंच नाही ने," एवढंच म्हणाले.

मला वाटलं होतं, दोन दिवस चिडतील आणि विसरतील. पण खेळ गेल्याचं त्यांना वाईट वाटतच नव्हतं. त्यांना बावीसचं वाटत होतं. कंट्रोल रूमचा पहिला नियम त्यांनी मला तेव्हा सांगितला. आपली शिफ्ट संपली, आजारी वाटत असलं, घरी पाहुणे आले असले, तरी पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर येऊन समोर उभा राहीपर्यंत खुर्ची सोडायची नाही. आला की त्याला सगळं सांगायचं, वहीवर दोघांनी सही करायची, मग उठायचं. "मी न सांगता उठलो," काका म्हणाले. "तो रोज पाचला येत असेल. काय समजेल? पळाला समजेल." बावीसचा फोन नंबर नाही, पत्ता नाही, नाव नाही. त्याच्यापर्यंत पोचायचा एकच दरवाजा होता आणि तो बंद झाला होता.

मी म्हटलं, "नवीन खातं काढू. दुसऱ्या नावाने." जावयानेही स्वतःचं खातं देऊ केलं. काकांनी आम्हा दोघांकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. दुसऱ्याच्या नावाने लॉगबुकात सही करणारा माणूस त्यांच्या दृष्टीने माणसातच जमा नव्हता.

पहिले काही दिवस ते पाचला बूट घालून बंद टीव्हीसमोर बसले. मग एक दिवस काकू वर आल्या. काकू माझ्या खोलीत सहसा यायच्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "आज बूट घातले नाहीत त्यांनी. मी मिक्सर लावला तरी काही बोलले नाहीत." एवढी वर्षं ज्या बुटांमुळे फरशी खराब होते म्हणून त्या भांडल्या, ते बूट त्यांनी स्वतः पुसून खुर्चीशेजारी ठेवले होते. मला खरंच वाईट वाटलं. मी तशीच खाली गेले आणि म्हटलं, "काका, मी रिलीव्हर होते. माझ्या नावाने खातं काढते, बावीसला शोधते, आणि तुमचा चार्ज रीतसर घेते. यात खोटी सही कुठेच नाही."

त्यांनी वहीचं नवीन पान उघडलं. मग म्हणाले, "ट्रेनिंग लागेल."

दोन दिवस त्यांनी मला कागदावर वळणं शिकवली. मी बावीसला शोधून मैत्रीची विनंती पाठवली. त्याच्या नावाखाली त्याच्या शर्यतींची यादी दिसत होती. काकांचं खातं बंद झाल्यापासून तो रोज पाचला येत होता, दरवेळी कोणा नवीन माणसाबरोबर, आणि प्रत्येक शर्यतीपुढे एकच शब्द होता, अपूर्ण. काकांनी ती यादी दोनदा वर-खाली करून पाहिली. "हा असा नव्हता," ते म्हणाले. "याला झालं काय?"

तिसऱ्या दिवशी विनंती मान्य झाली. पाचला मी खुर्चीत बसले. काका बूट घालून माझ्या मागे उभे, दोन्ही हात पाठीमागे, आणि काकू सोफ्यावर. हेडफोन माझ्या केसांच्या क्लिपमध्ये अडकायला लागला म्हणून मी तो माइकसकट गळ्यात घेतला आणि आवाज टीव्हीवरच ठेवला. आधी काकांनी लिहून दिलेली चार्ज देण्याची नोट इंग्रजीत वाचली. मी पूर्वीच्या नेव्हिगेटरची रिलीव्हर आहे, ते अपरिहार्य कारणाने अनुपस्थित आहेत, गाडी डावीकडे किंचित ओढते, कळावे. शर्यत सुरू झाली. पहिलं वळण मी बरोबर सांगितलं, दुसरं उशिरा, तिसऱ्याला उजवीकडे म्हणायच्या ऐवजी डावीकडे म्हणाले. निळी गाडी दरीत गेली. परत सुरू केलं, परत गेली. काकांनी मागून एक शब्द काढला नाही, कारण ड्यूटीवरच्या माणसाला मागून सूचना द्यायच्या नसतात. पण त्यांच्या बुटांचा आवाज मला ऐकू येत होता.

मग टीव्हीतून एक घोगरा, दबकत बोलणारा आवाज आला. "मैडम, वो साहब कहाँ हैं? ठीक तो हैं ना?"

काका पुढे आले. "आप हिंदी बोलते हैं?" त्यांनी विचारलं.

"जबलपुर का हूँ, साहब," तो म्हणाला. आणि मग काकांचा आवाज ओळखून त्याने एवढा मोठा श्वास सोडला की आम्हा तिघांनाही तो ऐकू आला. "मैं तो समझा आप गुज़र गए."

"आठ महीने बोले क्यों नहीं?"

"आप रुकते ही कहाँ थे, साहब. और अंग्रेज़ी में क्या बोलता."

काकू हसायला लागल्या. काका हसले नाहीत. त्यांनी यादीबद्दल विचारलं, सगळ्या शर्यती अपूर्ण का. मग बावीसने सांगितलं. तो बसचा ड्रायव्हर होता, बावीस वर्षं. डोळ्यांचा आजार झाला, हळूहळू कडा पुसट होत गेल्या, मग मधलंही. लायसन्स गेलं. मुलीने हा खेळ आणून दिला, रोज पाचला तीच सुरू करून द्यायची. पडद्यावर त्याला पांढरं आणि निळं एवढंच कळायचं, रस्ता असा दिसायचाच नाही. "आप बोलते थे तो मैं मोड़ देता था," तो म्हणाला. "दूसरे लोग बोलते नहीं, साहब. बोलते हैं तो गाली देते हैं. गाड़ी चलाने को अब यही एक जगह बची है."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ," ते म्हणाले.

"पण खातं माझ्या नावाचं आहे," मी म्हटलं. मला खरोखर त्यांची काळजी वाटली, उद्या त्यांनाच ते खुपलं असतं.

"रिलीव्हर अनफिट," काका म्हणाले. "रिलीव्हर अनफिट असला की जुना माणूस डबल ड्यूटी करतो. दुसरा येईपर्यंत. नियमात आहे." ते खुर्चीत बसले, हेडफोन चढवला, आणि वहीत लिहिलं, 'ड्यूटीवर: वरची भाडेकरू. खुर्चीत: मी.' माझी सही घेतली, स्वतःची केली. मग माइकमध्ये म्हणाले, "बोलो भाई. नाम क्या है आपका?" त्या दिवशी त्यांनी एकही वळण सांगितलं नाही. सहा वाजेपर्यंत गाडी सुरुवातीच्या रेषेवरच उभी होती, आणि काका, ज्यांना मी वर्षभरात कधी सलग दोन मिनिटं गप्प पाहिलं नव्हतं, ऐकत होते.

मी बडोदे सोडून आता पुण्याला असते. दुसरा रिलीव्हर अजून आलेला नाही. खातं माझ्याच नावावर आहे, आणि खेळवाल्या कंपनीला ते पटत नाही. मी पुण्यात आणि खातं उघडतं बडोद्यात, म्हणून रोज संध्याकाळी पाचला ते मला विचारतात. आपल्या खात्यात आत्ता कोणीतरी प्रवेश केला आहे, हे आपणच आहात का? उत्तर दहा मिनिटांत दिलं नाही तर खातं बंद. ऑफिसात मीटिंग असते, साहेब बोलत असतात, मी टेबलाखाली फोन धरून बसलेली असते. पाच वाजून चार मिनिटं, पाच मिनिटं झाली आणि काही आलं नाही की माझं बोलण्यात लक्ष राहत नाही. काका आता सत्तरीच्या पुढे आहेत. मग फोन थरथरतो. मी 'हो, मीच आहे' दाबते आणि साहेब काय म्हणतायत ते ऐकायला लागते.